तळघरातला अबोला

लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी मी नवऱ्याला नावानं हाक मारलेली नाही. पण लिहायचं तर नाव घ्यावंच लागेल. आमचे हे, एर्मात-अका म्हणजे एर्मातदादा, बुलुंगूरच्या एका वाइन कारखान्यात तळघराचे उस्ताद आहेत. बेचाळीस वर्षं द्राक्षाच्या रसात गेली आणि आजवर पोटात एक थेंब गेलेला नाही. घोट घेतात, तोंडात घोळवतात, थुंकतात, चूळ भरतात आणि मग बोलतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, गिळलं तर काय बिघडेल? मला वाटलं होतं धर्माचं कारण देतील. ते म्हणाले, "गिळलं की आवडायला लागतं. आवडायला लागलं की खरं सांगता येत नाही."

मशिदीसमोरच्या बाकावरचे म्हातारे त्यांना चिडवतात, जन्मभर दुसऱ्यांसाठी रांधलंस आणि स्वतः उपाशी राहिलास म्हणतात. हे हसतात आणि पुढे जातात.

नाक मात्र असं की मला स्वयंपाकघरात चोरी करता येत नाही. दारातूनच सांगतात, दूध संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. दोनदा मी हट्टानं ठेवून पाहिलं, दोन्ही वेळा नासलं. कारखान्यात लाकडी पिंपांच्या ओळीतून नुसते चालत जातात आणि एखाद्या पिंपाशी थांबतात. थांबले की सत्तोर, त्यांचा उजवा हात, शिडी आणायला जातो. बोलावं लागत नाही.

तळघराचा कारभारच तसा होता, न बोलता चालणारा. सकाळी आठला चहा. किटली ह्यांच्या हातात. पियाल्यात दोन घोटच ओतायचे, जितका मान जास्त तितका चहा कमी. नऊ माणसं वयाच्या क्रमानं बसायची. हे चार वाक्यांत दिवसाचं काम सांगायचे आणि सगळे उठायचे. ह्यांच्या आधी कुणी बोलत नसे, आणि ह्यांच्यानंतर बोलण्यासारखं काही उरत नसे. कुणाला एखादी चूक दिसलीच, तर तो संध्याकाळी दोन नान घेऊन आमच्या घरी यायचा. माझ्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, जर्दाळूचा बहर, ताश्कंदला दिलेल्या आमच्या मुलीची खुशाली. निघताना, बूट घालता घालता, तो म्हणायचा, "अका, ते तिसरं पिंप जरा..." हे मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पिंपाचं काम जणू ह्यांनाच सुचलं अशा थाटात व्हायचं, आणि चूक दाखवणाऱ्याला चहा आणखी कमी मिळायचा.

वरिष्ठांशीही ह्यांची हीच रीत. पंच्याऐंशी साली मॉस्कोहून दारूबंदीचा हुकूम सुटला आणि वेली उपटायला ट्रॅक्टर आले, तेव्हा डायरेक्टरसमोर ह्यांनी हूं की चूं केलं नाही. सांगितलेल्या सगळ्या ओळी उपटल्या. पण एक संध्याकाळ डायरेक्टरच्या सासऱ्याकडे खरबूज घेऊन गेले, आणि नंतर उतारावरची चार हेक्टर बाग कागदावर मनुक्यांची बाग झाली. तीच बाग आज कारखान्याची सगळ्यात जुनी बाग आहे. वेल जॉर्जियातली, रकात्सितेली नावाची, पांढरी. ह्यांच्या उस्तादांनी लावलेली.

सहा वर्षांपूर्वी कारखाना हमदामजॉननं घेतला. मुलगा वाईट नाही. परदेशात शिकून आलेला, भराभर चालणारा, वडीलधाऱ्यांसमोर छातीवर हात ठेवून वाकणारा. गेल्या वर्षी असंच वाकून झालं आणि त्यानं सांगितलं, जुनं तळघर बंद करायचंय. वर नव्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या येतील, त्यांना तीन माणसं पुरतात. बाकीच्यांचं बघू. हे 'बघू' आमच्या पूर्ण गल्लीला कळलं.

पण त्याच्या ताश्कंदच्या मित्रांनी डोक्यात भरवलं होतं की जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणातली जॉर्जियन वाइन आता मोठ्या हॉटेलांत मागतात. म्हणून त्यानं एक हंगाम दिला. जॉर्जियातून बारा रांजण आले, माणसाच्या उंचीहून मोठे, गवतात गुंडाळलेले. ते तळघरात जमीन खणून गळ्यापर्यंत पुरले. त्यांच्यामागून त्यांची जाणकार आली, लामारा. अट स्पष्ट होती. मार्चमध्ये रांजण उघडायचे. माल चांगला उतरला तर तळघर राहील आणि नऊ माणसंही. नाहीतर स्टील.

लामाराला राहायला आमची पुढची खोली दिली. सत्तावन्न वर्षांची, विधवा, जॉर्जियाच्या काखेती भागातल्या एका गावात भावंडांचं वाइनचं घर सांभाळणारी. पहिल्याच दिवशी तिनं माझा तंदूर पाहिला आणि सांगितलं, भिंत फार सरळ आहे. मी म्हटलं, आपली आपली पद्धत. तिला ते उत्तर पसंत पडलं नाही. माझ्या उत्तरात भांडण नव्हतं, हीच तिची तक्रार. रोज सकाळी ती फोनवर भावाशी एवढ्या जोरात बोलायची की शेजारीण विचारून गेली, बाईच्या घरी काही वाईट घडलंय का. घडलेलं एवढंच असायचं की भावानं पंप कुठे ठेवला ते तिला पटलेलं नसायचं. फोन संपताना दोघं एकमेकांना 'तुझ्यावरून ओवाळून टाकते' असं काहीतरी म्हणायची. मला शब्द कळत नव्हते, सूर कळायचा.

ती सांगायची, आमच्याकडे मी एखादी गोष्ट करा म्हटलं आणि चुलतभाऊ तीनदा नाही म्हणाले नाहीत, तर मी समजते त्यांनी ऐकलंच नाही. सकाळी ठरलेलं दुपारी बदलतं. जेवायला बसलं की पुन्हा ठरतं. मी विचारलं, मग काम होतं कधी? ती म्हणाली, "भांडताना हात चालूच असतात की."

ह्यांना ती 'बातोनो एर्मात' म्हणायची, म्हणजे तिकडचं आदराचं. हे तिला लामारा-खोनिम म्हणायचे. दोघांचं बोलणं रशियनमध्ये, शाळेत शिकलेल्या. तिची रशियन उतारावरून घरंगळणाऱ्या टरबुजासारखी, ह्यांची काठी टेकत चालणारी. पण सुरुवातीला छान जमलं. तिनं रांजणाच्या आतून मेणाचा हात कसा फिरवायचा ते दाखवलं, ह्यांनी गुडघे टेकून मुकाट शिकून घेतलं. घरी येऊन म्हणाले, बाईच्या हाताला माती ओळखते.

मग सप्टेंबरची आठ तारीख आली.

त्या पहाटे ह्यांनी उताराच्या बागेत क्रेट लावून ठेवले होते. माणसं उभी. गल्लीतल्या बायकाही तोडणीला आलेल्या, त्यात मीही. दरवर्षी हे असंच ठरतं. आधीचे चार दिवस हे रोज बागेत जाऊन मणी चावतात आणि एक दिवस उजाडायच्या आत क्रेट निघतात. लामारा पायवाटेनं धापा टाकत वर आली, एक घोस तोडला, मणी फोडून बी तळहातावर घेतली.

"हे काय चालवलंय?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "बी अजून हिरवी आहे. कुणी सांगितलं तोडायला? ही वेल माझ्या अंगणातली आहे, बातोनो एर्मात, मी हिच्याखाली रांगलेय. उचला ते क्रेट."

एवढं बोलून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता मला कळतं, ती उत्तराची वाट बघत होती. तिच्या हिशेबानं तिनं भांडणाला सुरुवात करून दिली होती, आता ह्यांनी दुप्पट आवाजात सांगायचं होतं की तुझं अंगण तिकडे, इथलं ऊन वेगळं. मग तासभर हातवारे, मग निर्णय, मग न्याहारी.

ह्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "आपण म्हणाल तसं." आणि सत्तोरकडे पाहिलं. क्रेट खाली गेले. तीस माणसं पायाकडे बघत उतरली. ओळीच्या टोकाशी लामारा एकटीच उरली. ती जरा गोंधळलेली दिसली, पण जिंकल्याची खूणही चेहऱ्यावर होती.

त्या दिवसापासून तळघरात अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडण असतं तर बरं. ती सांगेल ते तंतोतंत होऊ लागलं. चौथी झडप उघडा म्हटलं, चौथी उघडली. बंद करायला सांगितलं नाही, तर उघडीच राहिली. सकाळचा चहा व्हायचा, पण हे किटली तिच्यापुढे ठेवून बसायचे. तिनं पियाले काठोकाठ भरले, पाहुणचार म्हणून. आमच्या माणसांना कळेना की आपण एवढं काय केलंय.

आणि हे रोज संध्याकाळी उताराच्या बागेत जाऊन मणी चावून यायचे. घरी आले की जेवण पुढे सरकवायचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच. म्हणाले की ती बियांचा रंग बघते, मी आंबटपणा बघतो. तिच्या डोंगराळ गावात दोन्ही एकत्र पिकतात. इथे बी तपकिरी होईपर्यंत ऊन सगळा आंबटपणा पिऊन टाकतं. आणि आंबटपणाशिवाय रांजणातली वाइन टिकत नाही, मऊ पडते, मग बिघडते.

मी म्हटलं, मग सांगा ना तिला. ते म्हणाले, ती पाहुणी आहे. शिवाय आपल्यावर नेमलेली आहे. दोन्हींपैकी एक असती तरी काहीतरी वाट काढली असती.

"तुमचंच तळघर जाणार आहे," मी म्हटलं. "सत्तोरच्या घरी तीन मुली आहेत."

"माहीत आहे."

"मग मी सांगते. भाजी चिरता चिरता सांगते."

तेव्हा मात्र ते माझ्याकडे वळले. म्हणाले, आपल्या दस्तरखानावर जेवणाऱ्या पाहुणीला घरच्या बाईनं कामातली चूक दाखवायची, हे माझ्या हयातीत व्हायचं नाही. तसा शब्द घेतला माझ्याकडून. मी दिला, आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. घरातही अबोला. एरवी ह्यांची रीत किती सुंदर आहे, कुणाचा पाणउतारा होत नाही, कुणी तोंडावर पडत नाही. पण ह्या रीतीत नान घेऊन जायला कुणाचं तरी घर लागतं. लामाराचं घर इथे नव्हतं. ती आमच्याच घरात राहत होती.

अकरा दिवसांनी तिला हवी तशी बी तपकिरी झाली. तोडणी झाली. द्राक्षं दिसायला सोन्यासारखी, तोंडात टाकली की नुसता मध. चिरडून सालींसकट रांजणांत भरली. दोन दिवसांत आंबायला लागली, तळघरात पाय ठेवला की खालून खदखदल्यासारखा आवाज यायचा. वर आलेली सालं माणसं दिवसातून पाच वेळा लांब लाकडी दांड्यानं खाली दाबायची. पाच सांगितलं होतं, पाचच.

चौथ्या दिवशी दुपारी लामारा माझ्या स्वयंपाकघरात आली आणि न सांगता खाली बसली. मी पलोवच्या भातासाठी गाजरं चिरत होते. तिनं सुरी घेतली आणि माझ्याहून जाड तुकडे करायला लागली.

म्हणाली, काहीतरी चुकलंय. रस चाखते तर जीभ कुठे अडतच नाही. मी प्रत्येकाला विचारलं, कसा आहे? सत्तोर म्हणतो छान. प्रयोगशाळेतली मुनव्वर आकडे दाखवते आणि म्हणते छान. आकडे छान नाहीत, मला वाचता येतात. पण ती माझ्याकडे बघून हसते. बातोनो एर्मातना विचारलं तर म्हणतात, आपल्याला ठाऊक. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "सनोबर-ओपा, मला इथे कुणी शत्रू मानतं का?"

तिचे डोळे भरले होते. घरी रोज भांडणारी बाई इथे दोन आठवडे कुणी भांडायला मिळालं नाही म्हणून वाळून चालली होती.

मी शब्दात अडकले होते. द्राक्षांबद्दल बोलायचं नव्हतं, पण माणसांबद्दल बोलायला मला कुणी मना केलं नव्हतं. मी म्हटलं, शत्रू असतीस तर एव्हाना सांगितलं असतं. इथे ह्यांच्या आधी कुणी बोलत नाही. आणि तू सगळ्यांसमोर ह्यांना गप्प केलंस.

"मी गप्प केलं? मी तर बोलायला लावत होते."

मी तिच्याकडे पाहिलं. क्रेट, पायवाट, टोपी हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग विचारलं, तुमच्याकडे म्हातारा माणूस कुणी न विचारता, कुणी मधे न अडवता बोलतो, असं कुठे होतं?

मी म्हटलं, दस्तरखानावर. लग्नात, बारशाला. दुआ मागायची वेळ आली की सगळे हात पुढे धरून बसतात आणि ते बोलतात. तेव्हा मधे कुणी खोकतसुद्धा नाही.

लामारा हळूहळू हसायला लागली. म्हणाली, अगं, हे तर आमच्याकडे रोजचं आहे. त्याला आम्ही तमादा म्हणतो. जेवणाचा मुख्य. तो पेला उचलून एकेका विषयावर बोलतो, तो बोलतो तोवर राजा असला तरी गप्प. आणि तमादाला खोटं बोलायची मुभा नाही.

रविवारी दुपारी आमच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली, तिनं जेवण दिलं. अर्धं तिनं केलं, अर्धं मी. तिच्या चीजच्या पोळ्यांना आमचं चीज काही लागू पडलं नाही, वितळायच्या ऐवजी रबरासारखं ताणलं गेलं, आणि सत्तोरनं एक घास तोंडापासून हातभर लांब ओढून दाखवला. पण सगळ्यांनी खाल्लं. बायका-पुरुष एकाच टेबलाला बसवायचा तिचा आग्रह होता, म्हणून मुनव्वर आणि मी टोकाला बसलो. मग ती उठली आणि म्हणाली, आमच्या रीतीनं आजचे तमादा बातोनो एर्मात. ते पीत नाहीत हे मला माहीत आहे, पियाला चहाचा चालेल. तमादानं सगळ्यांबद्दल बोलायचं, आणि खरं बोलायचं.

ह्यांनी नाही म्हणायला हात वर केला. पण टेबलावरच्या सगळ्यांनी, सवयीनं, हात पुढे धरले होते. दुआच्या वेळी धरतात तसे. आता नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता.

ते उभे राहिले. आधी गेलेल्यांसाठी बोलले, आपल्या उस्तादांचं नाव घेतलं. मग पाहुणीच्या माहेरासाठी. मग सत्तोरच्या मुलींसाठी, मुनव्वरच्या परीक्षेसाठी. मी चाळीस वर्षांत त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. चौथ्यांदा पियाला हातात घेतला. म्हणाले, आता द्राक्षांसाठी.

"ही वेल लामारा-खोनिमच्या गावाकडची. तिकडे ती माहेरी आहे. माहेरी पोरगी कितीही वाजता उठली तरी चालतं. इथे ती सून होऊन आली, आणि आमच्या उन्हात सुनेला पहाटेच उठावं लागतं." बायका हसल्या. हे हसले नाहीत. "ज्या सकाळी आपण क्रेट परत नेले, त्या सकाळी तिचा आंबटपणा पुरता होता. मला माहीत होतं. मी बोललो नाही. नंतर अकरा दिवस रोज चावून बघत होतो, आणि रोज बोललो नाही. आता रांजणात गोडवा आहे, कणा नाही. असंच राहिलं तर वसंत गाठणार नाही. चूक पाहुणीची नाही. तिला इथलं ऊन माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

अंगणात मधमाश्यांचा आवाज येत होता. मुनव्वरनं मान खाली घातली.

लामारा उठली. आता ओरडेल असं मला वाटलं, आणि ती ओरडलीच. अकरा दिवस तुम्हाला ठाऊक होतं? अकरा दिवस मी तुमच्या घरात जेवतेय, आणि तुम्ही समोर बसून मीठ पुढे सरकवता? तळघर तुमचं, माणसं तुमची, आणि माझ्या अज्ञानावर सगळं ओवाळून टाकलंत? अर्धं रशियनमध्ये, अर्धं तिच्या भाषेत. माणसं ताटांत बघत होती. हे मात्र तिच्याकडे बघत होते, नीट, आणि ती दमेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आपण त्या दिवशी उतारावर असंच ओरडायला हवं होतं, एकट्या माझ्यावर. आणि मी आज बोललो तसं तेव्हा बोलायला हवं होतं. आता उपाय सांगू?"

ती बसली.

उपाय वेलीवरच होता. मुख्य घोस तोडून झाले तरी बगलफुटींवर, म्हणजे बाजूच्या फुटव्यांवर, उशिरा धरलेले लहान लहान घोस राहतात. ते पिकत नाहीत, कुणी तोडत नाही, पाखरांना सोडतात. हिरवेगार, आंबट जहर. आम्ही बायका त्यांचा रस काढून सरबतात घालतो. ह्यांचं म्हणणं, रांजण अजून आंबतायत तोवर ते चिरडून आत घालायचे.

लामारा म्हणाली, माझे आजोबा दुष्काळाच्या वर्षी असंच करायचे, मी विसरूनच गेले. पण किती घालायचे? ह्यांनी सांगितलं, दहाला एक. ती म्हणाली, वेडे आहात, दहाला दोन. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. मुनव्वर बोलत होती, कानापर्यंत लाल होऊन. म्हणाली, अका, माफ करा, सगळ्या रांजणांना एकच माप चालणार नाही. पहिले भरलेले दोन आंबून फार पुढे गेलेत. आकडे माझ्याकडे आहेत.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी किटली उचलली आणि तिच्या पियाल्यात चहा ओतला. दोन घोटच.

दोन दिवस पूर्ण गल्ली उतारावर होती. बोटांच्या पेरांएवढे घोस, एकेक शोधून काढायचा. आमची तोंडं आंबून गेली, दात शिवशिवत होते. लामारा एका ओळीत आणि हे शेजारच्या ओळीत, आणि दोघांचं सतत चाललेलं. खालून बघितलं तर तिचे हात पवनचक्कीसारखे फिरताना दिसायचे, ह्यांचे पाठीमागे बांधलेले. पण ओठ हलत होते. पुढे हीच रीत पडली. काही खटकलं की ती त्यांना उतारावर घेऊन जायची, वर मनसोक्त भांडायची, आणि खाली येऊन दोघं एकच सांगायची. सकाळच्या चहाचंही जरा बदललं. हे किटली सत्तोरच्या हाती देऊन अंगणातला पाण्याचा हौद बघायला जायचे. हौदाला काही झालेलं नसायचं. पंधरा मिनिटांनी परत येऊन शेवटी बसायचे, तोवर बाकीच्यांचं बोलून झालेलं असायचं. पहिल्या आठवड्यात नुसती हवेची चर्चा झाली. दुसऱ्या आठवड्यात सत्तोरनं तक्रार केली की पाच वेळा दाबणं ह्या उकाड्यात पुरत नाही, सात वेळा हवं. लामारानं टाळ्या वाजवल्या आणि लगेच त्याच्याशी वाद घालायला लागली.

नोव्हेंबरात रांजणांवर दगडी झाकणं ठेवून कडांना ओली माती लिंपली. लामारा घरी गेली आणि नवरोजच्या आधी परत आली.

मार्चमधल्या त्या दिवशी हमदामजॉन ताश्कंदहून एका बाईंना घेऊन आला. हॉटेलांसाठी वाइन निवडणं हाच त्यांचा धंदा. मी चहा-फराळ घेऊन गेले होते म्हणून सगळं पाहिलं. आदल्या दिवशी ह्यांनी आणि लामारानं रांजण उघडून बघितले होते. दहा उत्तम निघाले होते, उन्हात धरलेल्या चहासारखा रंग, आणि जीभ अडते तिथे बरोबर अडत होती. पहिले भरलेले दोन मात्र गेले होते. हमदामजॉनला हे सांगितलेलं होतं. तो म्हणाला होता, त्यांच्यावर झाकण असू द्या.

बाईंनी दहा चाखले. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. मग बोट दाखवून विचारलं, आणि हे दोन? हमदामजॉन हसून म्हणाला, तेच, त्या दहांसारखेच.

लामारानं ओठ घट्ट दाबून धरले होते. मला दिसत होतं, तिला बोलायचं होतं आणि ह्यांच्या आधी बोलायचं नव्हतं. मालक, पाहुणी, नऊ माणसं, सगळे समोर. आजवरच्या आयुष्यात ह्यांनी मालकाचा शब्द चारचौघांत खाली पडू दिलेला नव्हता.

"हे दोन नाहीत," ह्यांनी सांगितलं. "हे बिघडलेत. हे आम्ही कुणाला देणार नाही."

हमदामजॉनचा चेहरा उतरला.

बाईंनी तरीही एक झाकण काढायला लावलं, वास घेतला, मान हलवली. वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, आठ रांजण मी घेते. पुढच्या वर्षी जास्त लागतील. आणि हमदामजॉनकडे वळून सरळ विचारलं, "हे उस्ताद पुढच्या वर्षी असतील ना इथे?"

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं, रांजणांकडे पाहिलं, वरच्या ओल्या छताकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवला. "असतील," तो म्हणाला. "हे तळघर आहे, तर हे असणारच."

बाईंना मोटारीपर्यंत सोडून तो परत आला. मला वाटलं होतं आता ह्यांना बाजूला घेऊन बोल लावेल. त्यानं पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, अका, मग जॉर्जियाला किती नवे रांजण सांगू? आजच फोन करतो.

हे म्हणाले, आधी मुनव्वरला विचार.

मुनव्वर म्हणाली वीस. सत्तोर म्हणाला, वीस पुरायला जागा कुठाय, पश्चिमेची भिंत पाडणार का? लामारा म्हणाली, पाडा, ती भिंत तशीही चुकीच्या जागी आहे. दुसरा कुणी म्हणाला, भिंत पाडली तर छत येईल अंगावर, चौदा बस्स झाले. कुणीतरी फूटपट्टी आणायला धावलं. हे कडेला उभे राहून ऐकत होते, आणि हमदामजॉन मधोमध फोन हातात धरून उभा होता, कुणीतरी आकडा सांगेल याची वाट बघत.